पैसा मार्चमध्ये, पाऊस जूनमध्ये

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना लांबलचक प्रस्तावनेचा कंटाळा होता, असं संयोजकांनी मला फोनवरच सांगून ठेवलंय. ती सूचना मी शिरसावंद्य मानतो. माझी ओळख करून देताना ‘निसर्गप्रेमी’ असा उल्लेख झाला. तो खोटा नाही, पण माझा पेशा हिशेब तपासण्याचा आहे. पतसंस्था, मजूर संस्था, मच्छीमार संस्था आणि गेल्या काही वर्षांत ग्रामसभा यांची दप्तरं मी पाहत आलो. त्यामुळे जंगलाकडे आणि तलावाकडे मी थोडा तिरप्या नजरेने बघतो. हे पुन्हा जिवंत करायचं तर पैसे कुठून आले, कधी आले आणि सही कोणाची होती, हे मी आधी विचारतो.

अशा सभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘लोक तयार आहेत, पण पैसा नाही.’ हे वाक्य मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना कॅम्पाचे, म्हणजे भरपाई वनीकरणाचे, ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे ३,८४४ कोटी आले. हा पैसा काही आभाळातून पडलेला नव्हता. खाणीसाठी, धरणासाठी, महामार्गासाठी वनजमीन वळवली की प्रकल्पवाल्याकडून त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ही वसुली २००२ नंतर सुरू झाली, आणि २०१६ साली त्यासाठी कायदा झाला. जमा झालेल्यातला ९० टक्के हिस्सा राज्याचा, १० टक्के केंद्राचा.

आता ज्या गावाची गुरं त्या जंगलात चरत होती, ज्या बाया तिथून मोहफुलं आणत होत्या, त्या गावाच्या नावाने या खात्यात ओळ नाही. नुकसान झालं गावात, रक्कम गेली दिल्लीला, तिथून आली राज्याच्या राजधानीत, आणि खाली उतरताना तिचं रोपवन झालं. बऱ्याचदा ते रोपवन अशा जमिनीवर होतं जी वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मिळालेली असते, किंवा मिळायची असते. वनहक्क कायदा २००६ चा. कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क स्वच्छ लिहिलेला आहे. एका कायद्यात हक्क आहे आणि दुसऱ्या कायद्यात पैसा आहे. दोघांची गाठ घालून द्यायला तिसरा कोणी नाही.

म्हणून आजचा माझा मुद्दा पैसा किती याचा नाही. तो कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या मापाने मोजला जातो, आणि नको म्हणायची मुभा कोणाला असते, एवढाच आहे. त्यासाठी मी तुम्हाला गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर नेतो.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक आणि सरकारी कागद दोघेही त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. तलाव बांधील त्याला जमीन, असा त्या काळचा व्यवहार होता. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीचा काळ रामराज्य होता असं मी म्हणणार नाही. बांधावर माती टाकणाऱ्यांत वेठीने राबणारेही होते. पण तलावाला त्या काळी एक धनी होता. आज एकाच तलावाचं सिंचन जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडे, गाळाचा प्रश्न तिसऱ्याकडे, काठचं अतिक्रमण महसुलाकडे, आणि त्यावर उतरणारे पक्षी वन्यजीव कायद्याखाली. तलावाच्या आत पाण्याखाली जे गवत वाढतं, ते मात्र कोणाकडेच नाही.

आणि सगळा जीव त्या गवतात आहे. पाण्याखाली हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, वर तरंगणारी कुमुदिनीची पानं, काठाच्या उथळ पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात. मरळ आणि शिंगी त्यात अंडी घालतात, पिल्लं त्यात लपतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो. अडई बदकं काठच्या गवतात बसतात. हे गवत गेलं की पाणी तसंच दिसतं, छायाचित्रात तर जास्तच छान दिसतं, पण तलाव आतून ओस पडलेला असतो.

गवत गेलं कसं, याची कारणं निरनिराळी. रोहू, कटला, मृगळ यांच्या बिजाबरोबर गवत्या मासा सोडला गेला. तो नावाप्रमाणे गवतच खातो. काठावर बेशरम माजली. गुलाबी फुलांचं हे झुडूप जनावर खात नाही, आणि कापून टाकलेल्या कांडीलाही चिखलात मूळ फुटतं. आणि तिसरं कारण जरा जपून सांगतो, कारण सभागृहात शेतकरी असतील. ते कारण म्हणजे खोदकाम. तलावातला गाळ काढून शेतात टाकणं चांगलंच आहे, शेताला सोन्यासारखी माती मिळते. पण जेसीबीला काठाचा उतार समजत नाही. हळूहळू उतरत जाणारा उथळ काठ हीच देवधानाची आणि चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांची जागा. तो उभा कापला की तलावाचा हौद होतो. देयक मात्र घनमीटरवर निघतं, आणि हौदाचे घनमीटर जास्त भरतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर या मच्छीमार समाजाच्या लोकांनी, त्यांतही बायकांनी, भंडाऱ्याच्या ‘फीड’ या संस्थेच्या आणि तिच्या मनीष राजनकरांच्या साथीने यावर जे काम उभं केलं, ते मला जमाखर्चाच्या दृष्टीने फार बोलकं वाटतं. काम काय करतात ते सांगतो. मे महिन्यात तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या भागातली बेशरम मुळासकट उपटायची. मुळासकट म्हणजे खरोखर मुळासकट. कुदळीने भोवती उकरून, कांडीचा तुकडा मागे राहणार नाही असं गोळा करून, बांधाबाहेर वाळवायची. मग त्या तळाची नांगरट. पावसाने तलावात घोटाभर, गुडघाभर पाणी साचलं की दुसऱ्या जिवंत तलावातून पाणवनस्पती उपटून आणायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मग रांगेत उभं राहून एकेक जुडी चिखलात दाबायची. ज्या बाईने धानाची रोवणी केली आहे तिला हे शिकवावं लागत नाही. कोणतं गवत खोल पाण्यात जगतं, कोणतं काठाला, हे ढिवरांना आधीच माहीत असतं, कारण कोणता मासा कुठे सापडतो ते त्यांना माहीत असतं. पुढच्या हंगामात मच्छीमार संस्थेने गवत्या मासा सोडायचा नाही, हा ठराव. इतकंच.

आता याचं अंदाजपत्रक करून बघा. मजुरी आहे, ट्रॅक्टरचं भाडं आहे, वनस्पती आणायला टेम्पो आहे, चार बैठकांचा चहा आहे. सिमेंट नाही, लोखंड नाही, कंत्राटदार नाही. इतकं स्वस्त काम सरकारी चौकटीत बसवायला मात्र अतोनात कठीण. दरसूचीत मातीचा घनमीटर आहे, पिचिंगचा चौरस मीटर आहे. पाण्याखाली गवत लावायच्या मजुरीचा दर मी एका अभियंत्याला विचारला, तेव्हा तो गृहस्थ माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “साहेब, मोजमाप पुस्तिकेत हे लिहू कुठे? पाणी भरल्यावर दाखवू काय?” त्याचं चुकत नव्हतं. त्याला सहीची जबाबदारी आहे.

दुसरी अडचण महिन्यांची. निधी मंजूर होता होता फेब्रुवारी उजाडतो आणि तो ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. मार्चमध्ये तलावात पाणी असतं, उन्हाळी धानाला ते लागत असतं. बेशरम उपटायची मे महिन्यात, रोवायचं जुलैत. म्हणजे काम दोन आर्थिक वर्षांत मोडतं असं नाही, ते पुरतं पुढच्याच वर्षात पडतं. मार्चअखेर तलावावर करता येण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे बांधावर सिमेंटचा घाट किंवा फलक. म्हणून आपल्याकडे तलावांना घाट पुष्कळ झाले. यात कोणाची नियत खोटी असावी लागत नाही. दिनदर्शिकाच ते काम करते.

याच मुलखात सारस पक्षी आहे. महाराष्ट्रात त्याची वीण आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यापुरती उरली आहे, आणि राज्यातली सगळी संख्या अगदी थोडी आहे. पलीकडे बालाघाटकडेही काही जोड्या आहेत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या पक्ष्याची दखल घेतली, जिल्ह्यांत समित्या झाल्या. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, घरटं करतो. तण आणि धानाची ताटं ओढून ढीग रचतो. शेतकऱ्याचं बांधीतलं थोडं पीक जातं, आणि त्याला महिनाभर त्या बाजूने औषध फवारता येत नाही, फवारू नये. स्थानिक पोरांनी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांशी बोलून, घरट्यांवर नजर ठेवून हा पक्षी टिकवला. रानडुकराने पीक खाल्लं तर नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पक्ष्यासाठी जागा सोडली तर त्याचे पैसे कुठे मागायचे, हे विचारा आणि मला उत्तर कळवा. नुकसान झाल्यावर पैसे देणारं खातं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. जागा राखल्याबद्दल देणारं तसं बसलेलं नाही. शाल-श्रीफळ मिळतं. शालीने बांधीतलं धान भरून निघत नाही.

आता चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जाऊ. या गावाला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ही वाट मोकळी केली होती. २००९ मध्ये दावा मंजूर, पण बांबू वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. पाचगावने त्या वाटेवरून जात स्वतः बांबू तोडला, लिलाव केला, गावच्या लोकांना गावातच मजुरी दिली.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मला जी नोंद महत्त्वाची वाटते ती पुढची. पाचगावने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, उन्हाळ्यात तेंदू हे नगदी उत्पन्न असतं. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि रोख पैसा हातात. पण चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटावी लागतात, कोवळी पालवी फुटावी म्हणून कोणी तरी जंगलाला आग लावतो, आणि छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही. तेंदूचं फळ माणूस खातो, अस्वल खातं, पाखरं खातात. गावाने विचार केला: बांबूतून मजुरी मिळतेय, मग पान कशाला? शिवाय जंगलाचा सर्वांत चांगला, पाण्याच्या उगमाजवळचा काही भाग तोडीपासून पूर्ण वेगळा राखला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पाचगावच्या या निर्णयांबद्दल लिहिलं आहे.

हिशेबतपासनीस म्हणून मला विचाराल तर वन्यजीव अधिवासावर त्या गावाने केलेली सर्वांत मोठी गुंतवणूक म्हणजे हा सोडलेला तेंदू. आणि ती एकाही ताळेबंदात दिसत नाही, कारण न घेतलेलं उत्पन्न जमेच्या बाजूला लिहीत नाहीत आणि खर्चाच्या बाजूलाही नाही. उद्या एखाद्या दात्याने विचारलं की पाचगावने वन्यजीवांसाठी किती खर्च केला, तर उत्तर येईल ‘निरंक’.

हे त्यांना का जमलं? बांबूचा पैसा त्यांचा होता म्हणून. अनुदानावर चालणारं गाव दात्याला नाही म्हणू शकत नाही. रोपवनासाठी पैसा आला तर रोपवन, फलकासाठी आला तर फलक. ज्याच्या हातात स्वतःचं चार पैशांचं उत्पन्न आहे, तोच दुसरं उत्पन्न सोडून देऊ शकतो. एवढ्यासाठी मी म्हणतो की अधिवास पुनरुज्जीवनाला बाहेरून पैसा देण्याआधी गावाचा स्वतःचा पैसा अडवू नका. परवाना, वाहतूक पास, लिलाव, कर यांत अडकलेला एकेक महिना हा अस्वलाच्या वाट्याचा तेंदू आहे.

अर्थात सगळीकडे बांबू नाही. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर घ्या. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला तो दोनशेच्या आत हेक्टर उजाड टेकाडावर. तिथे आधी रोजगार हमीतून खड्डे, बांध, झाडं आणि राखण. मग सीताफळ आलं आणि थेट मुंबईच्या बाजारात गेलं. २०१४ मध्ये जैवविविधता पुरस्कारात गावाचा गौरव झाला. उजाड जमिनीला सुरुवातीची काही वर्षं बाहेरचा पैसा लागतोच, याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न त्या पैशाच्या स्वभावाचा आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचं उदाहरण घ्या. २०१३ च्या कायद्यात नफ्याच्या दोन टक्क्यांची अट आली, पर्यावरण आणि वनस्पती-प्राणी संरक्षण त्या यादीत आहे. चांगलं झालं. पण चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं, इतकीच मुदत. मुदत संपल्यावरच्या वर्षी तलावात देवधान आपणहून बी धरू लागतं, पण बेशरमेची कांडी कुठून तरी वाहून आलेली असते आणि ती उपटायला मजुरी नसते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, आणि मोठ्या संस्थेने आपल्याकडचा पैसा छोट्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आली. तालुक्याच्या गावात एका खोलीत चालणाऱ्या संस्था अशाच पैशावर उभ्या होत्या. व्याघ्रपर्यटनाचा पैसा आहे, ताडोब्याच्या भोवतालच्या गावांना त्यातून काही मिळतंही. पण वाघ दिसतो तिथे तिकीट फाटतं. हायड्रिला बघायला कोणी जिप्सी घेऊन येत नाही.

एक चांगली तरतूद मात्र सांगितली पाहिजे, कारण ती फारशी चर्चेत नसते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीतून पेसा कायद्याखालच्या, म्हणजे अनुसूचित, क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट पैसे द्यायचं ठरवलं. कशावर खर्च करायचा त्या बाबींमध्ये वनीकरण, वन्यजीव संवर्धन, वनतळी, वन उपजीविका हे शब्दशः आहे, आणि निर्णय ग्रामसभेचा. असा बिनअटीचा, थेट, दरवर्षी येणारा पैसा मला दुसरीकडे सहसा दिसला नाही. पण गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. सारसाचे तलाव त्या रेषेच्या बाहेर राहिले.

आता तुमच्या मनातला प्रश्न. गावाच्या हातात पैसा दिला तर तो खाल्ला जाणार नाही का? मी दप्तरं तपासतो, तेव्हा मला भाबडेपणा परवडत नाही. जातो. काही ठिकाणी जातो. पण कसा जातो ते बघा. खातं सरपंच आणि ग्रामसेवकाच्या सहीचं असेल, एका पंचायतीत पाच टोले, म्हणजे पाडे, असतील, आणि ज्या टोल्याचं जंगल आहे त्याला बैठकीची दवंडीसुद्धा पोचत नसेल, तर पैसा जातो. जिथे टोल्याची स्वतःची ग्रामसभा आहे, तिची वनहक्क नियमांखालची समिती आणि वेगळं खातं आहे, आणि हजेरीपट सभेत मोठ्याने वाचला जातो, तिथे माझ्यासाठी काम फार उरत नाही. “ही त्या दिवशी लग्नाला गेली होती, हिचा हाजिरा कसा लागला?” असं एखादी म्हातारी मागच्या रांगेतून विचारते. मी खतावणीत महिनाभर शोधलं असतं तरी मला ते सापडलं नसतं.

तेव्हा देणाऱ्यांना, म्हणजे सरकारला, कंपन्यांना आणि या सभागृहात बसलेल्या, दरवर्षी कुठे तरी झाडं लावायला पैसे देणाऱ्या सज्जनांना, माझी मागणी छोटी आहे. रक्कम निम्मी करा, पण मुदत दहा वर्षांची करा. दर वर्षीचं शिल्लक पुढच्या वर्षी वापरू द्या, मार्चअखेर परत मागू नका. लावलेल्या रोपांची संख्या विचारू नका. त्याऐवजी काय काढून टाकलं आणि काय करायचं थांबवलं, हे विचारा. मजुरीला भांडवली खर्चापेक्षा हलकं समजू नका, कारण तलावात आणि जंगलात मजुरी हेच भांडवल आहे. आणि राखणदाराचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापू नका.

सरकारकडे आणखी एक मागणी आहे आणि तिला पैसा लागत नाही. मच्छीमार संस्थेचा तलावाचा ठेका ठरावीक वर्षांचा असतो. मुदत संपत आली की संस्था धास्तावते, कारण पुढच्या वेळी बोली कोण लावील ठाऊक नसतं. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस जास्तीत जास्त मासा काढून घेईल. गवत लावण्यात दोन हंगाम घालवणार नाही. ज्या संस्थेने तलावात पाणवनस्पती पुन्हा आणल्या, गवत्या मासा सोडणं बंद केलं आणि काठ राखला, तिला तोच ठेका लांब मुदतीने, बोलीशिवाय द्यावा. ग्रामसभेचा ठराव आणि पावसाळ्यानंतरची पाहणी, एवढे दोन कागद पुरेत. पाहणी मात्र कृपया ऑक्टोबरमध्ये करा, मार्चमध्ये नको.

अध्यक्षांनी परवानगी दिली तर प्रश्न घेऊ. आणि कोणी बांबूवरच्या कराबद्दल विचारणार असेल तर आधी पाणी पिऊन घेतो, ते उत्तर लांब आहे.